कर्ण जुळेपर्यंत

अपघातात मोडलेली गाडी पैसे मोजून घरी आणणारा माणूस एक तर भंगारवाला असतो, नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं. माझ्या घरच्यांनी दुसरा पर्याय धरला होता. हातकणंगले तालुक्यात माझी भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवरचे ट्रे शेतकऱ्याच्या बांधावर पोचवायचे तर पिकअपशिवाय भागत नाही. भाड्याच्या गाडीवाल्याला ट्रे म्हणजे विटा वाटतात, एकावर एक रचून मोकळा होतो. म्हणून स्वतःची गाडी हवी होती आणि त्याच सुमारास मामेभावाची टाटा 207 आंबोली घाटात कठड्यावर जाऊन बसली.

कोबी घेऊन तो आजरामार्गे गोव्याला निघाला होता. पाऊस, धुकं, समोरून वळणावर अंगावर आलेली बस. यानं डावीकडं घेतली आणि डावं पुढचं चाक कठड्याला भिडलं. माणसं शाबूत राहिली. गाडीचा बंपर, रेडिएटर, डावा मडगार्ड, दार आणि काचेच्या कडेचा खांब एवढं डोळ्यांना दिसणारं गेलं. न दिसणारं किती गेलं ते पुढं कळलं.

टाटा 207 ही गाडी आपल्याकडं एके काळी बाजार समितीच्या आवारात ढिगानं दिसायची. टेल्कोनं 1988 मध्ये ‘टाटामोबाइल 206’ हा पिकअप आणला, त्याच घराण्यातली ही. याच पायावर 1991 मध्ये सिएरा उभी राहिली. म्हणजे शहरात सिएरा मिरवणारा हौशी मालक आणि कोबीच्या पोत्यांपुढं बसलेला माझा मामेभाऊ एकाच खानदानाचे! माझी गाडी 2011 ची, साध्या डिझेल पंपावर चालणारी. तिच्यात संगणक नाही, हे मला तेव्हा फार मोठं भाग्य वाटलं आणि आजही वाटतं. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांचं असं नाही. तिथं स्कॅनर लावल्याशिवाय मिस्त्री बोनेटला हात लावत नाही.

गाडी माझ्याकडं आली ती विम्याच्या वाटेनं. विमा कंपनी गाडीची एक किंमत धरते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा अंदाज त्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. दुरुस्ती मंजूर झाली तरी बिल पुरतं मिळतं असं नाही. साध्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 40 टक्के घसारा कापतात, रबर आणि प्लॅस्टिकवर 50 टक्के. काच तेवढी पूर्ण धरतात. मामेभावाची गाडी टोटल लॉसमध्ये गेली. त्यानं मोडक्या गाडीची किंमत वजा करून उरलेले पैसे घेतले आणि सांगाडा स्वतःकडं ठेवला. तो सांगाडा मी घेतला.

घेण्याआधी एक गोष्ट मात्र मी पक्की केली. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं. एकदा आरसी रद्द झाली की तुम्ही गाडी सोन्यानं मढवा, ती रस्त्यावर येत नाही. या गाडीची आरसी चालू होती आणि फायनान्सचा बोजा उतरलेला होता. मामेभाऊ असला म्हणून काय झालं, कागद आधी बघायचे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांनी जन्म काढला असे एक मिस्त्री आता आमच्या गावाजवळ शेड टाकून बसलेत. गाडी त्यांच्याकडं ओढून नेली. मी इंजिनाबद्दल विचारायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

‘‘मालक, इंजिन कुठं पळून जातंय? आधी खाली किती वाकलीया ते बघूया. वरचं काय, पत्राच हाय.’’

पिकअपची सगळी ताकद चेसिसमध्ये असते. पुढून मागं जाणारे दोन लांब मेंबर आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर, असा तो सांगाडा. इंजिन, केबिन, हौदा, पाटे सगळं त्याच्यावर बसतं. एका कोपऱ्यावर जोराचा धक्का बसला की एक लांब मेंबर दुसऱ्याच्या मागं सरकतो आणि चौकोन कलतो. जुन्या बाजेची एक बाजू ओढली की ती जशी तिरकी होते, तसं. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही. बंपर बदलला, रंग मारला, दिवे लावले की गाडी नवी दिसते आणि आयुष्यभर तिरकी पळते. टायर एका बाजूनं खाते, ब्रेक मारला की एकीकडं ओढते.

मग मोजायचं कसं? गाडी सपाट फरशीवर लोखंडी घोड्यांवर घेतली. चेसिसला दोन्ही बाजूंना कारखान्यातूनच जोडीजोडीनं भोकं असतात. प्रत्येक भोकातून मिस्त्रींनी ओळंबा सोडला. गवंड्याकडं असतो तोच, पितळी. ओळंबा झुलायचा थांबेपर्यंत कुणी जवळून चालायचं नाही, पंखासुद्धा बंद. टोक जिथं फरशीला टेकायला आलं तिथं खडूनं फुली. अशा जोड्या पुढून मागं मारत गेलो आणि मग गाडी बाजूला ढकलली. फरशीवर नुसत्या फुल्या उरल्या. अख्खी गाडी जणू कागदावर उतरली होती. आता टेपनं कर्ण मोजायचे. डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत, आणि उलट. चेसिस सरळ असेल तर दोन्ही मापं सारखी येतात. मागच्या भागात सारखी आली. पुढच्या भागात फरक निघाला एक इंच दोन सूत. शाळेत भूमितीच्या तासाला मला कर्णाचा कंटाळा यायचा. इथं त्या दोन रेघांवर सगळा व्यवहार टांगलेला होता.

याशिवाय मिस्त्रींनी बॅटरी मारून एकेक रिव्हेट पाहिलं. आडवा मेंबर जिथं रिव्हेटनं बसलेला असतो तिथून तांबूस पावडर ओघळलेली दिसली, तर समजायचं की तो जोड हलतोय. आमच्या गाडीत असा एक जोड सापडला. मागं वाकणं नव्हतं, ही त्या दिवसाची चांगली बातमी.

चेसिस ओढण्याचं काम चिडचिडीचं आहे, कारण लोखंड ऐकत नाही. साखळी बांधायची, हायड्रॉलिक जॅकनं ताण द्यायचा, माप बरोबर आलं म्हणून साखळी सैल करायची आणि मेंबर पुन्हा मागं गेलेला बघायचा. पोलादाला मूळ जागेच्या थोडं पुढं ओढावं लागतं, मग ते परतताना जागेवर येतं. ताण ठेवून वाकलेल्या जागेच्या आजूबाजूला हातोड्यानं ठोकत राहायचं, म्हणजे आतला अडकलेला ताण सुटतो. शेजारच्या गॅरेजवाल्यानं सल्ला दिला, गॅसनं लाल करा, लोण्यागत वाकेल. मिस्त्री तडकले. जास्त तापवलं की पोलादाची ताकद जाते आणि पुढं भरल्या गाडीखाली तीच जागा दगा देते. ओढायचं, मोजायचं, पुन्हा ओढायचं, असं चाललं. शेवटी फरक एका सुताच्या आत आला. या कामात तीन मिलिमीटरपर्यंत चालतं असा सर्वसाधारण दंडक आहे आणि सूत म्हणजे साधारण तेवढंच.

स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र ओढाओढी नाही. वाकलेले दांडे सरळ करून बसवणारे लोक आहेत आणि असे दांडे स्वस्तात पडतात, पण ज्या दांड्यावर जीव आहे तो बदलायचा. चाकाचा हब वरून चांगला दिसत होता. तरी तो तडा तपासायला दिला. आमच्या भागात फाउंड्र्या भरपूर, त्यामुळं ही तपासणी कुठंही होते. लाल पातळ रंग लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. केसाएवढी रेघ उमटली. हब भंगारात.

खरा छळ मोठ्या भागांनी केला नाही. रेडिएटर मिळाला, दार जुन्या बाजारात मिळालं. अडलं ते रेडिएटरच्या खालच्या एका ब्रॅकेटवाचून. दुकानदार म्हणतो, नुसता ब्रॅकेट येत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, मॉडेल जुनं, ऑर्डर टाकतो. मिस्त्री म्हणतात, पट्टी कापून करतो. तोवर गाडी घोड्यांवर आणि हंगाम तोंडावर. नकली मडगार्डचंही तसंच. पत्रा पातळ आणि भोकं भलतीकडं. भोकं वाढवून बसवला की बोनेटची फट एका टोकाला बोटभर, दुसऱ्या टोकाला नखभर. शेवटी जुना मडगार्डच डेंटरनं ठोकून काढला. एका हातात पत्र्याच्या मागं धरलेली लोखंडी डॉली, दुसऱ्या हातात हातोडा, आणि मधूनमधून डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. उंचवटा डोळ्याच्या आधी तळव्याला लागतो.

समोरची काच बसवताना मी श्वास रोखून उभा होतो. खांब किंचित जरी पिळलेला राहिला तरी काच बसते, आणि चार खड्डे गेल्यावर तडकते. काचेला रबरी बीडिंग चढवायचं, त्याच्या खाचेत सुतळी फिरवायची, बाहेरून एकानं काच दाबायची आणि आतून दुसऱ्यानं सुतळी हळूहळू ओढत रबराची कड पत्र्यावर उलटवायची. सुतळी निघाली, काच बसली आणि अजून शाबूत आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, कमी भरली असेल तर डेंटर चांगला. जुनी गाडी बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा. पत्र्यावर एखाद्या जागी तो चिकटत नसेल, तर खाली लांबीचा थर जाड आहे. माझ्या गाडीचा रंग फार सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. पण चुंबक सगळीकडं चिकटतो.

आणि रंगानंच शेवटी खेळ केला. सगळं जोडून झालं, इंजिन चालू, सगळे खूश. उजवा इंडिकेटर लावला की हेडलाइट लुकलुकायचा. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर भलताच दिवा. इलेक्ट्रिशियननं वायरिंगचा गुंता उलगडला, फ्यूज बदलले, स्विच बदलला. दोष कुठं सापडेना. गाडीत बॅटरीची एक बाजू थेट चेसिसला जोडलेली असते आणि सगळे दिवे चेसिसमधूनच परतीचा करंट नेतात. ज्या बोल्टखाली ही अर्थिंगची पट्टी बसते, तिथं पेंटरनं मनापासून रंग मारला होता. रंगातून वीज जात नाही, मग ती दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली आणि सगळे दिवे शहाणे झाले.

आरटीओच्या पासिंगला चेसिस नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा लागतो. तो नंबर ज्या मेंबरवर आहे तिथं आम्ही ना हातोडा लावला होता ना ग्राइंडर. नंबर खराब झाला तर परवानगीशिवाय पुन्हा ठोकता येत नाही, आणि विनापरवाना ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं, त्यामुळं ती परीक्षा मी आता नेमानं देतो.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न घरी अजून विचारला जातो. पैशाच्या हिशेबात ही गाडी बसत नाही. तेवढ्या पैशांत बरी चाललेली जुनी पिकअप मिळाली असती, आणि विकायला काढली तर ‘अपघाताची’ म्हणून कमीच भाव येईल. पण हौदा मी माझ्या ट्रेच्या मापानं बांधून घेतला. मागचा फाळका पाडला की खालच्या रॅकमधला ट्रेसुद्धा वरचा न हलवता निघतो. खालून कुठला आवाज आला तर तो कुठल्या नटाचा, हे बहुतेक वेळा बसल्या जागी कळतं. पाटे ज्या खिळ्यावर फिरतात त्याचं बुश गेलं, तेव्हा गॅरेजला जायच्या आधीच मी सामान घेऊन ठेवलं होतं. ज्यानं गाडी शोरूममधून घेतली आहे त्याला यातली मजा सांगून पटत नाही.

मला स्वतःला मिळालेलं बक्षीस पासिंगच्या आधीच मिळालं. नर्सरीत पाइप फुटून वाट ओली झाली होती. मिस्त्रींनी त्याच्यावरून गाडी सरळ चालवली आणि खाली उतरून वाकून चाकोरी पाहिली. पुढच्या चाकाच्या ठशावर मागच्याचा ठसा कसा पडतो, ते बघायचं. दोन्ही बाजूंना तो सारखाच पडला होता.

‘‘झाली की वो सरळ,’’ म्हणाले आणि बिल लिहायला गेले.

कुणा वाचकाच्या मनात अशी गाडी घ्यायचं असेल तर इंजिनाचा आवाज ऐकत बसू नका, तो चांगलाच ऐकवतात. आधी आरसी चालू आहे का ते पाहा, मग चेसिसचे कर्ण मोजायला लावा. विकणारा मोजू देत नसेल, किंवा तुमच्या भागात मोजून ओढणारा मिस्त्री नसेल, तर गाडी कितीही स्वस्त पडत असली तरी घेऊ नका.