वाळवंटातील जर्मन हेलिकॉप्टरे

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे निळ्या टोप्याच येत. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात गेलेल्या जर्मन तुकडीविषयी वाचू लागलो, तेव्हा कळले की तिथे यंत्रांचीही कसोटी लागते.

नायजर नदीकाठी गाओ येथे त्यांचा तळ होता. सहा चाकांची ‘फुक्स’ ही चिलखती गाडी (फुक्स म्हणजे कोल्हा!) रेताडातून वाट काढी, पण जखमी सैनिकाला तिच्यातून लांबवर न्यायचे तर वेळ हातचा जाई. म्हणून २०१७ मध्ये ‘एनएच-९०’ हेलिकॉप्टरे आली आणि त्यांच्या रक्षणाला ‘टायगर’.

आता अडचण पाहा. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत फिरणाऱ्या पात्यांना वर उचलणारा जोर कमी मिळतो, इंजिनाची ताकदही घटते. साहजिकच ओझे कमी घ्यावे लागते. शिवाय धूळ आहेच.

२६ जुलै २०१७ रोजी एक ‘टायगर’ कोसळले; आतले दोघेही गेले. प्रथम संशय उन्हावर. मीही तेच धरून चाललो होतो. चौकशीत मात्र दोष निघाला तो उड्डाण-नियंत्रण यंत्रणेच्या चुकीच्या जुळणीत.

हेलिकॉप्टरे २०१८ मध्ये परतली, उरलेली तुकडी डिसेंबर २०२३ मध्ये.