एका सतरा अंकी संख्येचा परिचय

नऊ एकांची पंगत मांडावी, म्हणजे १११११११११ ही संख्या घ्यावी, आणि तिचा वर्ग करावा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच. ‘लीलावती’तील स्थाननामे ज्यांनी बालपणी मुखोद्गत केली असतील, त्यांच्या ध्यानी येईल की अग्रभागीचा एक ‘मध्य’ या स्थानी बसला आहे. परार्ध तेथून अवघे एक पाऊल.

हे घडते कसे, ते घरातील मुलांकडून पाटीवर करवून घ्यावे. गुणाकारात एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. स्तंभागणिक बेरीज एक, दोन, तीन अशी नऊपर्यंत चढते व तशीच उतरते. हातचा कोठेच येत नाही. दहावा एक पंगतीस बसला, की मधल्या स्तंभात दहा होतात आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. शोभा गेली ती गेलीच.

ही हौस आपल्याकडे जुनी आहे. राष्ट्रकूट नृप अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही याच कुळातील धाकटी संख्या दिली आहे. कुळास नाव मात्र मिळाले विसाव्या शतकात, देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडून. कल्पना सुचली ती जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे हल्लीच्या डोंबिवली, स्थानकावर. म्हणून या ‘डेम्लो संख्या’. (आमच्या चुडाव्यासही स्थानक आहे, पण तेथे गाडीची वाट पाहता पाहता कोणी काही शोधून काढल्याचे अद्यापि ऐकिवात नाही!)

कापरेकरांनीच दुसरी एक संज्ञा योजिली, ‘हर्षद’. हर्ष देणारी ती हर्षद. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो अशी संख्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहावे: भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही वर्गच, १२३४५६७९ या आठाविण्या संख्येचा! दहा एकांच्या वर्गाची बेरीज ८२ ही सम, संख्या विषम. तेथे हर्ष नाही. एकापासून नऊ एकांपर्यंतच्या वर्गांत हर्षद किती, हे जिज्ञासूंनी पडताळावे.

असल्या गोष्टी केवळ दशमान लेखनाच्या लीला, त्यांत खरे गणित नाही, असा आक्षेप विद्वान घेतात. मला तो अर्धाच पटतो. अष्टमान पद्धतीने लिहिले तरी सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच डौलाने येतो. तेव्हा या लीलेच्या मुळाशी नियम आहे, दहाच्या अंकाचा लहरीपणा नव्हे. कापरेकरांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि त्यांचे संशोधन पुष्कळांनी पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. १९६२ साली ते शाळेतून निवृत्त झाले. पुढे मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगभर त्यांचे नाव झाले. मास्तर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते.