मत्स्यालयातील जलचरांची छायाचित्रे कशी घ्यावीत?

कोकणच्या सहलीत अनेक शाळा रत्नागिरीजवळील झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहतात. परंतु सहलीस सर्वच मुले येऊ शकतात असे नाही. वर्गणी न जमल्यामुळे काही मुले गावीच राहतात. त्यांच्यापर्यंत समुद्र पोहोचविण्याचे साधन म्हणजे शिक्षकाने आणलेली छायाचित्रे होत. ती बिघडली, तर त्या मुलांची सहल दुसऱ्यांदा हुकते.

प्रस्तुत लेखकाने हा अनुभव स्वतः घेतला आहे. मी शिक्षक असताना मत्स्यालयात छत्तीस छायाचित्रांचे एक रीळ भराभर संपविले. रीळ धुऊन आल्यावर पाहतो तो बहुतेक चित्रांत पांढरा झोत आणि माझेच प्रतिबिंब! घरी राहिलेल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, यात मासा कुठं आहे?" मी निरुत्तर झालो.

चूक कोठे झाली ते पाहू.

१. फ्लॅशचा प्रकाश काचेवर आपटून परत येतो. शिवाय त्याने जलचर बिचकतात. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा.

२. काच रुमालाने पुसून कॅमेरा तिच्या अगदी जवळ धरावा व बाजूंनी हाताचा आडोसा करावा. मागील दिव्यांचे प्रतिबिंब त्यामुळे टळते.

३. कॅमेरा काचेसमोर सरळ धरावा, तिरका नको. पाण्यात बुडविलेली काठी वाकडी का दिसते, हे आपण वर्गात शिकवितोच. त्याच वक्रीभवनामुळे तिरके घेतलेले चित्र विकृत व अस्पष्ट येते.

४. अंधुक प्रकाशात हलणारा प्राणी पुसट येतो. कॅमेऱ्यात वेग सेकंदाच्या १/१२५ इतका ठेवून आयएसओ वाढवावा. मोबाईल असल्यास हात स्थिर ठेवून एकापाठोपाठ अनेक चित्रे घ्यावीत.

जेलीफिश प्रत्येक मत्स्यालयात नसतो. जेथे असतो, तेथे त्यास बहुधा कोपरे नसलेल्या गोल टाकीत ठेवतात. कारण कोपऱ्यात अडकून त्याच्या नाजूक शरीरास इजा होते. त्याच्या शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच असतो. काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने प्रकाश पडला की तो उजळून दिसतो. मात्र अंधार अधिक असल्याने मोबाईल चित्र फाजील उजळ करतो. म्हणून पडद्यावर प्राण्यावर बोट टेकवून उजेड कमी करावा. जेलीफिश आपली छत्री आकसून पाणी मागे ढकलतो व पुढे सरकतो. ही लय दोन-तीन वेळा न्याहाळावी आणि छत्री पूर्ण उमलताच कळ दाबावी.

प्रत्येक चित्राबरोबर टाकीवरील नामफलकाचेही चित्र घ्यावे आणि प्राण्याचा अंदाजे आकार वहीत टिपावा. अन्यथा बोटाएवढा व हाताएवढा प्राणी कागदावर सारखेच दिसतात.

वर्गात ही चित्रे दाखविताना प्रथम नावे सांगू नयेत. पाठीचा कणा, कल्ले, पर कोणास आहेत व कोणास नाहीत, हे मुलांनीच शोधावे. हाडे, हृदय वा मेंदू नसलेला जेलीफिश हा मासाच नव्हे, हे मग त्यांना आपोआप उमगेल. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी : किनाऱ्यावर पडलेल्या जेलीफिशला कदापि हात लावू नये. तो मेलेला असला तरी त्याच्या दंशपेशी स्पर्श होताच विष टोचू शकतात.

अशा पाठाच्या वेळी सहलीस न आलेल्या मुलांना पहिल्या रांगेत बसवावे आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा.