पत्त्यातली रिकामी जागा

८, १६, २४ या संख्या द्विमान पद्धतीत लिहू: १०००, १००००, ११०००. आठच्या पटीतल्या संख्येचे शेवटचे तीन अंक नेहमी शून्यच असतात.

६४ बिटांच्या संगणकाच्या स्मृतीत बऱ्याच गोष्टी आठच्या पटीतल्या पत्त्यांवरच ठेवतात. म्हणून पत्ता सांगणाऱ्या पॉइंटरचे शेवटचे तीन बिट रिकामेच असतात. त्यांत आपण ० ते ७ पैकी एखादी खूण ठेवू शकतो. उदाहरणार्थ, त्या पत्त्यावर संख्या आहे की मजकूर. वेगळी जागा लागत नाही.

मात्र ही शून्ये हमखास हवीत. १९८४ च्या मॅकिंटॉशमधली चिप पत्त्याचे २४ बिटच वापरत असे, म्हणून वरच्या आठ बिटांत खुणा ठेवल्या गेल्या. पुढच्या चिप सगळे ३२ बिट वापरू लागल्या आणि अनेक जुने प्रोग्राम अडले.

रस्ट भाषेत आणखी एक मेख आहे. तिथे पॉइंटर म्हणजे नुसती संख्या नव्हे. तो कोणत्या वस्तूपासून मिळाला, हे नातेही त्याच्याबरोबर असते. त्याची संख्या करून पुन्हा पॉइंटर बनवताना हे नाते तुटू शकते. मग कंपायलरचे गृहीत चुकते आणि प्रोग्राम बिघडतो. जानेवारी २०२५ मधल्या १.८४ आवृत्तीपासून मिळणारे ‘मॅप_अ‍ॅडर’ नाते राखून फक्त पत्ता बदलते. तरी पॉइंटर वापरण्यापूर्वी खूण पुसणे हे आपलेच काम.

आता मुलांना विचारू या: पत्ते चारच्या पटीत असतील, तर किती वेगवेगळ्या खुणा करता येतील?