कामाचं नाव घेऊन केलेलं कौतुक

मुंबईतल्या राजावाडी रुग्णालयाच्या ओपीडीत आज केसपेपरची रांग नाही. सोमवार असूनही बाह्यरुग्ण विभाग बंद आहे, कारण 12 मे 2025 ला बुद्धपौर्णिमेची सुट्टी आली आहे आणि जागतिक परिचारिका दिनही आजच आहे. एरवी ज्या बाकांवर गोवंडी, मानखुर्द, विक्रोळी, कुर्ल्याहून आलेले पेशंट नंबरची वाट बघतात, ती बाकं दोन वॉर्डबॉय उचलून ओळीने मांडत आहेत. नर्सिंगच्या तीन विद्यार्थिनी फरशीवर रांगोळी काढत आहेत. पंख्याच्या वाऱ्याने रंग उडतो, म्हणून एक जण पंखा बंद करते आणि घामाच्या धारा लागल्या की पुन्हा चालू करते.

सुट्टी ओपीडीला आहे, वॉर्डांना नाही. ज्यांची आज रजा आहे त्या रेशमी साड्या नेसून आल्या आहेत. पाळीवरच्या सिस्टर गणवेशातच आहेत आणि दाराजवळ उभ्या राहूनच कार्यक्रम बघणार आहेत, कारण वॉर्डातून हाक आली तर लगेच निघता यायला हवं. दुपारच्या पाळीच्या काही जणी लवकर आल्या आहेत. "तू जाऊन बस, मी आत्ताच ओव्हर घेते," असं एकीने दुसरीला जिन्यातच सांगितलेलं मी ऐकते.

सफाई विभागातल्या एक मावशी पांढऱ्याशुभ्र साडीत येतात. त्या जवळच्याच रमाबाई आंबेडकर नगरात राहतात. सकाळी विहारात वंदना करून त्या थेट इकडे आल्या आहेत. हातात स्टीलचा मोठा डबा आहे आणि डब्यात खीर. "सगळ्यांना पुरेल," असं म्हणत त्या डबा टेबलाखाली सावलीत ठेवतात.

भिंतीवर फलक लागला आहे. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने यंदा जगभरासाठी ठरवलेला विषय त्यावर मराठीत लिहिला आहे: आपल्या परिचारिका, आपलं भविष्य, परिचारिकांची काळजी घ्या, अर्थव्यवस्था बळकट होईल. ही परिषद 1965 पासून हा दिवस पाळते. 1974 साली त्यासाठी 12 मे ही तारीख कायम झाली, कारण 1820 मध्ये याच दिवशी फ्लॉरेन्स नाईटिंगेलचा जन्म झाला होता.

मेट्रन मॅडम दीप लावतात. त्या ज्योतीवरून एक मेणबत्ती पेटते, तिच्यावरून दुसरी, आणि बघता बघता ओळीच्या ओळी उजळतात. सगळ्या जणी उजवा हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतात. प्रतिज्ञेला नाव नाईटिंगेलचं असलं तरी ती तिने लिहिलेली नाही. 1893 मध्ये अमेरिकेतल्या एका नर्सिंग शाळेत ती तयार झाली. पाच वर्षांपूर्वीच्या 12 मेला असं खांद्याला खांदा लावून उभं राहणं शक्य नव्हतं. नाईटिंगेलच्या जन्माला 200 वर्षं होत होती, जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे वर्ष परिचारिका आणि सुइणींचं म्हणून जाहीर केलं होतं, आणि त्याच वर्षी कोविड आला. पुढे 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं, तेव्हा मुंबईतल्या पहिल्या काही केंद्रांत राजावाडीचाही समावेश होता आणि पहिले हात पुढे आले ते आरोग्य कर्मचाऱ्यांचेच. आज मेणबत्ती धरलेल्या कितीतरी हातांनी त्या दिवशी लस घेतली आहे, लस दिली आहे.

प्रतिज्ञा संपते. आता सत्कार. मेट्रन मॅडम माइक हातात घेतात आणि एक शंभर पानी वही उघडतात.

"या वर्षी मी सगळ्या इन्चार्ज सिस्टरना एकच सांगितलं होतं," त्या म्हणतात. "नाव पाठवा, पण 'उत्कृष्ट सेवा' एवढंच लिहून पाठवू नका. काय केलं, कसं केलं आणि त्याने पेशंटचं काय झालं, ते लिहा. मी तेच वाचून दाखवणार आहे."

सगळे सावरून बसतात.

पहिलं नाव मेल मेडिकल वॉर्डच्या स्टाफ नर्सचं आहे. मॅडम वाचतात: अर्धांगवायूचे आणि बेशुद्ध पेशंट सतत भरती असूनही ही सिस्टर या वॉर्डात आल्यापासून एकाही पेशंटला नव्याने बेडसोअर झालेला नाही. मग त्या एक कागद उंच धरतात. तो खाटेच्या पायथ्याशी लटकवायचा साधा तक्ता आहे, पट्टीने रेघा मारून हाताने आखलेला. डावीकडे वेळ आहे: आठ, दहा, बारा, दोन. पुढच्या रकान्यांत डावी कूस, पाठ, उजवी कूस, आणि प्रत्येक खुणेपुढे सही. रात्री दोनच्या पुढे सही आहे, चारच्या पुढेही. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, पाठ आणि टाचा बघायच्या, चादरीची सुरकुती काढायची, ओली चादर लगेच बदलायची. एवढंच काम आहे आणि ते एकदाही चुकवायचं नाही.

ती सिस्टर पुढे येते. चेहऱ्यावर संकोच आहे. मॅडम तिच्या हातात गुलाब देतात आणि माइकमध्येच विचारतात, "अगं, रात्री एकटी असताना वजनदार पेशंटला कसं वळवतेस?" ती वळून मागे उभ्या असलेल्या वॉर्डबॉयकडे बोट दाखवते. "एकटी नसते, मॅडम. मामा असतात." मामांनाही पुढे बोलावलं जातं. टाळ्या पडतात तेव्हा मामा हात कुठे ठेवावेत ते न कळून ते जोडूनच उभे राहतात.

या कामाचं यश डोळ्यांना दिसत नाही, हेच त्यातलं अवघड. जखम भरून आली तर दिसते. न झालेली जखम कोणाला दाखवणार? पेशंट घरी जातो तेव्हा आपल्या पाठीवर काय होऊ शकलं असतं, याची त्याला कल्पनाही नसते. म्हणून ती गोष्ट कोणीतरी मोठ्याने सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याला ती नीट माहीत असावी लागते.

दुसरं नाव नवजात बालकांच्या कक्षातलं. कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल अशी ठेवायची, ही कांगारू पद्धत. 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली आणि आज ती जगभर वापरली जाते. पण नुसतं "बाळाला छातीशी घ्या" म्हणून भागत नाही, असं मॅडम वाचतात. सव्वा किलोचं बाळ बघून आई घाबरते, हात लावायला धजत नाही. या सिस्टर आधी आईशेजारी खुर्ची ओढून बसतात. बाळाची मान कशी धरायची, पाय बेडकासारखे दुमडून कसे ठेवायचे, टोपी-मोजे का काढायचे नाहीत, ते एकेक करून दाखवतात. सासूबाई आल्या की त्यांनाही बसवून घेतात, कारण घरी गेल्यावर आईला हे करू द्यायचं की नाही, ते बऱ्याचदा सासूबाईच ठरवतात. त्यांच्या पाळीतल्या आया इतर आयांना शिकवायला लागल्या, हे वाक्य आलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने वहीत काहीतरी उतरवून घेतलं.

तिसरं नाव पुकारलं जातं आणि खीर आणलेल्या मावशी दचकून उभ्या राहतात. आज परिचारिकांचा दिवस, आपलं नाव कसं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं.

मॅडम वाचतात: पिवळ्या पिशवीत रक्त लागलेलं ड्रेसिंग, लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, पांढऱ्या डब्यात सुया, निळ्या खोक्यात काच. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम भिंतीवर सगळीकडे लावलेले आहेत. मावशींना लाल पिशवीत एकदा सुई सापडली. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं नाही. तशीच इन्चार्ज सिस्टरकडे नेली आणि म्हणाल्या, "ही उचलणाऱ्या माणसाच्या हाताला लागली असती." त्या दिवसापासून प्रत्येक ड्रेसिंग ट्रॉलीवर सुयांचा डबा सलाइनच्या बाजूलाच ठेवला जातो. सुई टाकायला चार पावलं चालावं लागत होतं, तिथेच चूक होत होती. आता हात लांब केला की डबा.

मावशी शाल घेतात. माइक पुढे केला जातो तेव्हा त्या एवढंच म्हणतात, "पिशवी उचलणारा पण आपलाच माणूस आहे ना." सगळ्यांत मोठ्या टाळ्या या वाक्याला पडतात आणि त्या मनापासूनच्या आहेत.

चौथा सत्कार रुग्णालयाबाहेरच्या एका बाईंचा. असल्फाच्या डोंगरावरच्या वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य सेविका आज पाहुण्या म्हणून आल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये देशातल्या दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांचा गौरव केला होता. वस्त्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांचं काम तेवढ्यापुरतं तरी जगाच्या कानावर गेलं. या बाईंचं काम त्याच जातकुळीचं. क्षयरोगाच्या साध्या प्रकारात सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, पण दोन-तीन महिन्यांत ताप उतरतो, भूक लागते आणि माणूस गोळ्या सोडतो. अशा एका तरुणाच्या दाराला त्यांना रोज कुलूपच दिसत होतं. शेजारणीकडून कळलं की तो रात्री उशिरा कामावरून येतो. मग त्या दिवसा जायच्या थांबल्या आणि रात्री जेवणं झाल्यावर जाऊ लागल्या. त्याच्या सहाही महिन्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या. "त्याला ओरडला नाहीत?" असं कोणीतरी विचारतं. "ओरडले असते तर दार कोणी उघडलं असतं?" त्या म्हणतात.

पुढचं पान मॅडम उलटतात आणि क्षणभर थांबतात. उद्या 13 मे. गेल्या वर्षी परिचारिका दिन रविवारी होता. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी साडेचारच्या सुमारास, धुळीच्या वादळात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर 120 फूट लांब आणि 120 फूट उंच जाहिरातीचा फलक कोसळला. 17 जणांचा जीव गेला. सत्तरहून अधिक जखमी झाले आणि त्यातले बरेच जण याच रुग्णालयात आणले गेले.

"त्या रात्रीसाठी मी एकेकाचं नाव वाचणार नाही," मॅडम म्हणतात. "जे त्या दिवशी इथे होते, त्यांनी उभं राहावं."

बाकांवरून एकेक जण उठतो. कॅज्युअल्टीचे ब्रदर, ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, एक्स-रेचे तंत्रज्ञ, ट्रॉली ओढणारे मामा. नोंदणीच्या खिडकीवरचे कारकूनही उठतात आणि मॅडम त्यांच्याकडे हात करून म्हणतात, "नातेवाइकांना नाव शोधून देणं, हीसुद्धा त्या रात्री शुश्रूषाच होती." ज्यांना ते दिवस आठवतात त्यांचे डोळे भरून येतात. उभ्या राहिलेल्यांसाठी बसलेले टाळ्या वाजवतात. हे सगळे रोज एकमेकांसमोरून घाईघाईने जातात. एकमेकांकडे असं थांबून बघण्याची संधी त्यांना वर्षातून क्वचितच मिळत असेल.

मग घरच्या आनंदाच्या बातम्या. आठवड्यापूर्वी बारावीचा निकाल लागला, त्यात एका आयाबाईंची मुलगी विज्ञान शाखेत पहिल्या वर्गात आली आहे आणि तिला नर्सिंगलाच जायचं आहे. एक सिस्टर नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बीएस्सी झाली. एका ब्रदरला मुलगी झाली. दहावीचा निकाल उद्या आहे, त्यामुळे ज्यांची मुलं दहावीला आहेत त्यांना आधीच धीर दिला जातो. प्रत्येक बातमीला टाळी, प्रत्येक टाळीनंतर "पेढे कुठायत?" असा पुकारा.

नाईटिंगेलचं नाव निघालं की सगळ्यांना दिवा आठवतो. पण क्रिमियाच्या युद्धात तिने आणखी एक मोठं काम केलं: तिने मोजलं. किती सैनिक जखमांनी गेले आणि किती घाणीतून आलेल्या रोगांनी, याच्या तिने आकृत्या काढल्या आणि राज्यकर्त्यांपुढे ठेवल्या. दुसरा आकडा कितीतरी मोठा होता. शुश्रूषेत माया लागतेच, पण त्या मायेला नेमकी नोंद मिळाली की ती दुसऱ्यांपर्यंत पोहोचते. मॅडमच्या वहीत आज मला तेच दिसतं. "उत्कृष्ट" या शब्दातून कोणी काही शिकू शकत नाही. "ट्रॉलीवर सुयांचा डबा सलाइनच्या बाजूला ठेवला" यातून विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयापासून मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही वॉर्डाला उद्या सकाळी शिकता येईल. प्रत्येक रुग्णालयाने असं कौतुक करावं, कायम नोकरीतल्यांचं करावं आणि कंत्राटावरच्यांचंही करावं, असं मला कळकळीने वाटतं.

खीर वाटली जाते. गणवेशातल्या सिस्टर उभ्या उभ्या दोन घास घेऊन वॉर्डाकडे वळतात. दरम्यान दोन विद्यार्थिनी मॅडमनी वाचलेली पानं मोठ्या अक्षरांत उतरवून मेल मेडिकल वॉर्डाबाहेरच्या फळ्यावर लावतात. ऑफिसात लावू नका, पेशंट आणि नातेवाईक जातात-येतात तिथे लावा, असं मॅडमनी बजावलं आहे.

फळ्यासमोर पहिला थांबतो तो एक पंचविशीतला तरुण. हातात वडिलांच्या औषधांची पिशवी आहे. तो कुशी बदलण्याच्या तक्त्याचं पान ओठ हलवत पूर्ण वाचतो, मग दारातून आत जातो आणि नुकताच गुलाब मिळालेल्या सिस्टरला गाठतो.

"सिस्टर, बाबांना परवा घरी सोडणार म्हणतात. घरी कसं करायचं ते आम्हाला कोणी दाखवलेलं नाही. हे कुशीवर वळवायचं मला शिकवाल?"

सिस्टर गुलाब टेबलावर ठेवतात, हात धुतात आणि पडदा ओढून घेतात.

"या इकडे. एक हात त्यांच्या खांद्याखाली घाला, दुसरा कमरेखाली. ओढायचं नाही, आपल्याकडे वळवायचं. आधी बाबांना सांगा, आता वळवतोय म्हणून. हं, बोला त्यांच्याशी."