पांघरूण असूनही थंडी

केंब्रिजमधला हिवाळा. गणिती श्रीनिवास रामानुजन रात्री ओव्हरकोट चढवून, वर शाल गुंडाळून झोपत आणि तरीही कुडकुडत. पलंगावर ब्लँकेटे नव्हती असे नाही. एकावर एक पसरलेली, कडा गादीखाली घट्ट खोचलेली आणि वर पलंगपोस. ती उचकटून आत शिरायचे असते, हे मद्रासहून आलेल्या या तरुणाला ठाऊक नव्हते आणि त्याने कोणाला विचारलेही नव्हते. तिथेच शिकणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी थंडीची चौकशी केली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

आपल्याकडे अशा माणसाला घुम्या म्हणतात, फार तर एकलकोंडा. पालकसभेत बाई सांगतात, "हुशार आहे, पण बोलत नाही हो." त्या 'पण'मध्ये मुलगा अर्धा नापास झालेला असतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावांच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात अशांची एक वेगळी जात मांडली: अंतर्मुख आणि अंतःस्फूर्तीवर चालणारी. अंतर्मुख म्हणजे लाजाळू नव्हे. चारचौघांत वावरून त्याचा शीण वाढतो, एकांतात तो उतरतो, इतकेच. अंतःस्फूर्ती म्हणजे तपशील गोळा होण्याआधीच एकूण आकृती दिसणे. या एकाच प्रकारात युंग यांनी द्रष्टे, कलावंत आणि विक्षिप्त असे तिघेही बसवले, हे त्यांचे निरीक्षण मोठे मार्मिक.

पुढे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी त्यावरून प्रश्नावली बेतली आणि माणसांचे सोळा प्रकार केले. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेली नव्हती. आज कंपन्यांच्या शिबिरांत ही चाचणी हौसेने घेतली जाते. पण काही आठवड्यांनी पुन्हा दिली, की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. तेव्हा प्रकाराच्या नावाची ती चार अक्षरे म्हणजे जन्मपत्रिका समजू नये.

रामानुजनांनाही असल्या प्रकाराचे लेबल चिकटवायचे कारण नाही. मित्रांमध्ये ते छान गप्पा मारत. पण मनातल्या मनात चालणाऱ्या विचाराचे बळ आणि त्याची गोची त्यांच्याइतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

केंब्रिजला जाण्याआधी, जानेवारी १९१३ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या या कारकुनाने तिथले गणिती हार्डी यांना पत्र पाठवले. पानेच्या पाने सूत्रे. सिद्धता जवळजवळ नाहीच. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी ती चाळली आणि हा माणूस अस्सल आहे हे ओळखले. ही सूत्रे सुचतात कुठून, याचे रामानुजनांचे उत्तर होते: नामक्कलची नामगिरी देवी. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर व्हायची. उत्तर तेवढे वहीत उतरायचे आणि पाटी कोपराने पुसली जायची.

पुसलेल्या पायऱ्यांमध्येच चूक लपते. त्याच पत्रात मूळ संख्यांची जवळजवळ अचूक मोजदाद करणारे सूत्र सापडल्याचा दावा होता. तो चुकीचा निघाला. आतून आलेली खरी आणि खोटी खात्री तोंडवळ्याने सारखीच असते. फरक कळायला समोर हार्डी लागतो.

नोबेल विजेते डॅनियल कानेमन आणि मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची अंतःस्फूर्तीवरची मते परस्परविरोधी. तरी २००९ च्या संयुक्त लेखात एका मुद्द्यावर त्यांचे जमले: क्षेत्र नियमबद्ध असेल आणि चुकले तर लगेच कळत असेल, तिथेच अंतःस्फूर्तीवर भरवसा ठेवावा. बुद्धिबळाचा पट तसा आहे. शेअरबाजार तसा नाही.

मग गप्प माणसाने पुढारीपण करूच नये का? मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास केला. जिथे कामगार स्वतःहून सूचना करणारे होते, तिथे अंतर्मुख व्यवस्थापकाच्या हाताखाली नफा जास्त होता. कामगार सांगकामे असतील तिथे मात्र बोलका साहेबच बरा ठरला.

आणि बोलण्याचे म्हणाल, तर तोंडानेच बोलले पाहिजे असे कुठे आहे? धारवाडला इंग्रजी शिकवणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून चार हात दूर राहिले. पण सुनीता देशपांडे यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांचाच एक खंड झाला.

वर्गात किंवा ऑफिसात असा कोणी असेल, तर बैठकीचे विषय त्याला आदल्या दिवशी लिहून द्या, आणि मत सुचले तर ते कसे सुचले हेही कागदावर मागा. रामानुजनांच्या वह्यांत ते उतरलेच नाही. १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या वह्यांमधल्या ३,००० हून अधिक निष्कर्षांच्या सिद्धता लावत गणिती ब्रूस बर्न्ट यांनी पाच खंड काढले. त्यातला शेवटचा १९९८ साली आला.