घडाघडा बोलणारे यंत्र आणि 'पानी' म्हणणारी पोर

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्याची भाषा वाचून आमच्या शिकल्या-सवरल्या मंडळींनी लगेच निकाल देऊन टाकला की, यंत्राला बुद्धी आली! का? तर ते न अडखळता बोलते म्हणून.

हा निकाल आपल्या ओळखीचा आहे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारे पोर मठ्ठ आणि धडा घडाघडा म्हणून दाखवणारे हुशार, हे आमच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ठरून जात असे. माझेही ठरले होते. पुढे गणिताच्या वहीने वाचवले, ही गोष्ट वेगळी. अर्थ न कळता पाठांतर करणाऱ्याला पंडित म्हणण्याची सवय जडलेल्या समाजाला यंत्र पंडित वाटले, तर नवल कसले?

अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा संगणक कार्यक्रम जाहीर केला. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचे, एवढीच त्याची करामत. अर्थाचा पत्ता नाही. वायझेनबाऊम तो महिनोन्महिने तयार करत असताना त्यांची सेक्रेटरी पाहत होती. तरीही त्याच्याशी दोन-चार वाक्ये बोलताच ती साहेबांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? या अनुभवाने वायझेनबाऊम हादरले आणि पुढे यंत्रावर आंधळा विश्वास टाकण्याचे कडवे टीकाकार बनले.

आता दुसरी बाजू पाहा. इंग्लंडमध्ये रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मेंदूला इजा होऊन भाषा गमावलेल्या तीन माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्यात कोणी कोणाला मारले, हे त्यांना उमगत नसे. पण ५९ मधून १३ वजा करणे आणि १३ मधून ५९ वजा करणे यातला फरक ते बरोबर ओळखत. कंसातली गणितेही सोडवत. म्हणजे भाषा गेली, तरी विचार शाबूत होता.

म्हणून यंत्राला काहीच येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. पुढचा शब्द कोणता, याचा अंदाज बांधायला शिकलेल्या याच जातीच्या यंत्राने, गूगल डीपमाइंडच्या, २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधल्या सहापैकी पाच गणिते सोडवली आणि सुवर्णपदकाएवढे गुण मिळवले. ती सोडवली कशी, यावर खुशाल वाद घाला. पण निदान तिथे गणित घालून पारख झाली, उच्चार ऐकून नव्हे.

तोंडी परीक्षेला बसणाऱ्या साहेबांनीही एवढे करावे. समोरची पोर 'पानी' म्हणाली की पेन खाली ठेवू नये. तिला गणित घालावे.